सेफ्टी पिनवाले दळवीकाका

लग्न होऊन अंबरनाथला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. एवढ्यात एक अनोळखी माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं, हात लांब करून एक सेफ्टी पिन माझ्यापुढे धरली आणि ओरडला, "पदर! एक पाऊल मागे!"

मी जागची हलले नाही. हातातली सांडशी तशीच उगारून विचारलं, "कोण तुम्ही?"

"दळवी. शेजारचा. साडी नायलॉनची आहे ना? लावा पिन."

पिन ओट्याच्या कडेला ठेवून गृहस्थ निघूनही गेला. नव्या नवरीच्या स्वयंपाकघरात परका माणूस शिरतो, तिच्या पदरावर शेरा मारतो, याचं मला जे काही वाटायचं ते वाटलं. तणतणत बाहेर आले तर आमचे हे दाढीचा फेस लावून शांतपणे आरशात बघत होते. म्हणाले, "दळवीकाका होते का? लावून टाक पिन. नाहीतर परत येतील."

मी लावली नाही. ते परत आले.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. आमची चाळ बुवापाड्यात, दुमजली, पुढे लांब गॅलरी. दळवीकाकांची खोली आमच्या भिंतीला भिंत लावून. माणूस उंच, काटकुळा, खाकी पँट आणि पांढरा सदरा. सदऱ्याच्या खिशाला लहानमोठ्या सेफ्टी पिनांची माळ कायम लटकलेली. फौजेतल्या माणसानं पदकं मिरवावीत तसे ते ती मिरवायचे. गॅलरीतून जाताना माळ खुळखुळायची आणि आम्ही बायका एकमेकींना खुणा करायचो, आला.

तर हे गृहस्थ नोकरीला कुठे, तर काड्यापेट्यांच्या कारखान्यात! दिवसभर लोकांना आग पुरवायची आणि पहिली पाळी सुटली की घरी येऊन ती विझवत फिरायचं. कुणाकडे फोडणी चुरचुरली की हे दारात. "तेल तापलंय, पाणी उडवू नका. एक पाऊल मागे!" कुणी पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायला घेतलं की हे खिडकीत. "आधी विझवा! निवू द्या! घाई कसली, गाडी चुकतेय का?" देवापुढची समई पडद्याजवळ दिसली तर थेट देवघराशी जाऊन पडदाच काढून घडी घालून ठेवायचे. दिवाळीत गॅलरीभर पाण्याच्या बादल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझी नवी कोरी साडी त्यांच्या बादलीत पाय पडून गुडघ्यापर्यंत भिजली, तर म्हणतात कसे, "भिजली ना? जळली तर नाही?" या माणसाशी बोलायचं तरी काय, सांगा.

एवढ्या वर्षांत त्यांचं 'एक पाऊल मागे' ऐकून कुणी मागे सरलं असेल तर शपथ. तोंड मात्र प्रत्येकीनं वाजवलं, आणि त्यात मी सगळ्यात पुढे होते.

पण मला खरा राग यायचा तो सुमनकाकूंसाठी. या त्यांच्या पत्नी. लहानशा चणीच्या, गोऱ्या, बोलताना मान थोडी कलती करायच्या. मूलबाळ नव्हतं. नेसायच्या नेहमी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या. तर या बाईला स्वतःच्या घरात स्टोव्ह पेटवायची परवानगी नव्हती! हो, परवानगी. सकाळी पाळीला जायच्या आधी काका स्वतः स्टोव्ह पेटवणार, काकू स्वयंपाक करणार, हे शेजारी पाट मांडून पहारा देणार. शेवटची पोळी उतरली की स्टोव्ह विझवायचा, काडेपेटी डब्यात, डबा फळीवर, आणि फळी अशी उंच की काकूंचा हात पोचू नये. मग साहेब निघाले कारखान्यात. संध्याकाळी पुन्हा तोच सोहळा. दुपारचं जेवण काकूंनी कायम गार खाल्लं.

त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या घरी दुपारी कुणी गेलं तर चहा नाही. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. काकू ऐन थंडीतही कोकम सरबत करायच्या. डिसेंबरच्या दुपारी, शाल गुंडाळून, मी त्यांच्याकडे कोकम सरबत प्यायलेय. एकदा न राहवून म्हटलं, "काकू, तुम्ही हे ऐकून घेता तरी कशाला?"

"त्यांना काळजी वाटते गं," त्या मान कलती करून म्हणाल्या.

"याला काळजी नाही म्हणत काकू, जुलूम म्हणतात."

त्या हसल्या आणि माझ्या पेल्यात आणखी सरबत ओतलं.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या शाळेत शिकवायला जायची. येताजाता बाजार लागायचा. त्या काळात बायकांनी घरात गाऊन घालायला नुकतीच सुरुवात केली होती. एका सिंधी दुकानदाराकडे मला एक गाऊन दिसला. मोरपिशी रंगाचा, सुळसुळीत, गळ्याला लेस. दोन दिवस मनाशी वाद घालून शेवटी घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घालून मी पोळ्या लाटायला उभी राहिले, आणि पाचव्या मिनिटाला दारात पिना खुळखुळल्या.

या वेळी ते ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या झग्याचा एक दोरा द्या."

मी फणकाऱ्यानं शिवणीतला एक दोरा उपटून दिला. त्यांनी तो चिमट्यात धरला, गॅलरीत नेला, काडी लावली. दोरा जळालाच नाही. आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा, चिकट मणी झाला. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "बघितलंत? सुती कापड पेट घेतं, पण ओरबाडून काढता तरी येतं. नायलॉन जळत नाही, चिकटतं. कातडीला चिकटतं. मग काढताना काय निघतं सांगू?"

"सांगू नका!" मी ओरडले. 

इथवरही मी सोसलं असतं. पण रविवारी सकाळी दोरीवर वाळत घातलेला माझा गाऊन नाहीसा झाला. चाळभर शोधलं. दुपारी दळवीकाका उगवले, काखेत कागदाचं पुडकं. हा माणूस माझा गाऊन घेऊन, भर बाजारातून, हातात मिरवत, कॅम्प चारच्या त्या दुकानात तो परत करायला गेला होता! दुकान त्यांनी आमच्या ह्यांना विचारून शोधलं, आणि आमच्या ह्यांनी सांगितलंही. दुकानदाराशी काय संवाद झाला तो मला नंतर त्या दुकानदारानंच सांगितला.

"वो काका आया, बोला, बाई लोग के लिए कॉटन रखो, नायलॉन मत रखो. मैं बोला, साईं, कॉटन लेता कौन है? जो चमकता है वो बिकता है. तो मेरे ऊपर ही चिल्लाया, बोला, तुम्हारे घर में औरत खाना नहीं बनाती क्या? मेरी घरवाली अंदर बैठी थी, उसने सुन लिया. अब वो भी कॉटन माँगती है."

त्या मोरपिशी गाऊनच्या बदल्यात काकांनी मला आणला होता एक सुती गाऊन. तपकिरी, त्यावर मोठमोठ्या सूर्यफुलांची नक्षी, आणि मापाला असा की आम्ही दोघं नवराबायको त्यात आरामात मावलो असतो. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते भिंतीकडे बघत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाह्या थोड्या आखूड करून घ्या. लोंबणाऱ्या बाह्या आधी पेट घेतात."

आता म्हात्रेमावशींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती घडलं. मावशी इथल्याच, आगरी. चाळ उभी राहायच्या आधीपासून त्यांचं इथे घर. नऊवारी लुगडं, कपाळाला आडवं ठसठशीत कुंकू आणि आवाज असा की खालच्या नळावर बोलल्या तर वर ऐकू यावं. चाळीत त्यांचा शब्द चालायचा. काका आणि त्या साधारण एका वयाच्या, आणि त्या काकांना 'दळव्या' म्हणायच्या.

एकदा चहाचं आधण माझ्या मनगटावर कलंडलं. माझी किंकाळी ऐकून दोघं एकदमच धावले. मावशींच्या हातात टूथपेस्टची ट्यूब, आणि काकांचे हात मोकळे. "काही लावायचं नाही!" काका गरजले. "पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. आधी बांगड्या काढा!"

मावशी उसळल्याच. "ए दळव्या! सवाष्णीचे हातातल्या बांगड्या काढाया सांगतंस? जीभ झडंल तुझी!"

"हात सुजला की फोडाव्या लागतील. ते चालेल का तुला?"

मावशींनी ट्यूबला झाकण लावलं.  साबण लावून मी बांगड्या उतरवल्या आणि मग काकांनी माझा हात मोरीत धरायला लावून त्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. आमच्याकडे नळाला पाणी यायचं सकाळी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. दिवसभराचं पिंप मी भरून ठेवलेलं. त्यांनी तांब्यामागून तांब्या ओतून ते तळाला नेलं. मी "पुरे, पुरे" म्हणत होते, ते "आग आत असते, बाहेरून दिसत नाही" म्हणत होते. पिंप संपल्यावर स्वतःच्या घरून कळशी आणली, तीही ओतली. हातावर डाग राहिला नाही, हे कबूल. पण त्या दिवशी भांडी कशात घासायची होती? ते विचारल्यावर काका खालच्या विहिरीवरून दोन बादल्या घेऊन आले, जिना चढून, धापा टाकत. मग माझं भांडणही अर्ध्यात राहिलं.

असं सगळं चाललेलं असताना म्हात्रेमावशींच्या गॅसचा नंबर लागला.

आजच्या पोरींना हे सांगून कळायचं नाही. गॅससाठी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं, अशी ती वर्षं होती. आमच्या चाळीतली ती पहिली टाकी. लाल, चकचकीत. माणसं ती जिन्यावरून वर चढवत होती तेव्हा आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या होतो, घरात नवी सून येतेय अशा थाटात. मावशींनी टाकीखाली पाट मांडला. टाकीला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढे नारळ फोडला. शेगडीवर स्वस्तिक काढलं. गॅस जोडून देणारा माणूस पेढा खाऊन गेला होता. मावशींनी ताम्हनात निरांजन पेटवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या टाकीला ओवाळायला लागल्या. ज्योत टाकीच्या मानेभोवती फिरतेय, आम्ही हात जोडून उभ्या. मी एम. ए., बी. एड., पण हात मीही जोडले होते.

गर्दीतून वाट काढत काका पुढे आले, वाकले आणि फुंकर मारून त्यांनी निरांजन विझवलं.

तोंडानं! शुभकार्याचा दिवा!  नुसता वातीचा धूर वर चढत होता.

"डोकी ठिकाणावर आहेत का?" काका ओरडले. "नळी नवी, जोड नवा, गळती बघितली का कुणी? साबणाचं पाणी लावून बघितलं? आणि त्याच्या तोंडाशी वात घेऊन ओवाळताय?"

मावशींचा चेहरा पांढरा झाला होता. "माझे घरान येऊन माझा दिवा इझवलास," त्या अगदी हळू बोलल्या, आणि त्यांचा तो हळू आवाज ओरडण्याहून भयंकर होता. "आज घरान लक्ष्मी आली होती. ती तू फुंकलीस."

"लक्ष्मी नाही मावशी, गॅस आहे तो!"

"भायेर हो."

जोडात काही दोष नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा आला नाही. मावशी त्या दिवसापासून दळवीकाकांशी बोलल्या नाहीत. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण महिन्यावर संक्रांत आली, आणि मावशींनी चाळभर सांगून टाकलं की दिवा विझवणाऱ्याच्या घरची बाई हळदीकुंकवाला नको. त्यांना पाहून बाकीच्यांनीही सुमनकाकूंना गाळलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवा विझवला नवऱ्यानं, आणि शिक्षा कुणाला, तर जिला काडी ओढायची मुभा नाही तिला! काका ऐटीत पिना खुळखुळवत फिरताहेत आणि या बाईच्या घरी तिळगूळ द्यायलाही कुणी जात नाही. मी मावशींशी तोंडावर भांडले. आमच्या ह्यांना ऐकवलं. आणि शेवटी एका दुपारी वाणाची चाळणी, तिळाचे लाडू आणि कुंकवाचा करंडा घेऊन काकूंकडे गेले. मनात ठरवलं होतं, आज काका पाळीवरून यायच्या आत या बाईला चार गोष्टी ऐकवायच्या. माहेरी जा, म्हणावं. बघू दे त्याला, कोण पोळ्या करून घालतं ते.

दार लोटलेलं होतं. काकू खिडकीशी बसून वाती वळत होत्या. मला बघून चेहरा उजळला. "ये गं," म्हणाल्या. मी बसले, करंडा उघडला, त्यांच्या कपाळाला बोट लावलं, आणि त्यांनी मान कलती केली. मला वाटलं, नेहमीसारखीच. पण मान कलतच गेली. डोळे फिरले. हात वाकडा झाला आणि त्या माझ्या पुढ्यात जमिनीवर कोसळल्या.

मला फीट माहीत होती ती ऐकून. समोर कधी पाहिली नव्हती. त्यांचं सगळं अंग झटके देत होतं, तोंडाला फेस आला होता. मी वेड्यासारखी टोपलीतला कांदा घेऊन तो फोडायला लागले, नाकाशी धरायला. तेवढ्यात मागे पिना वाजल्या.

"एक पाऊल मागे," काका म्हणाले. पण हे 'एक पाऊल मागे' मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. इतक्या हलक्या आवाजात ते बोलू शकतात हेच मला ठाऊक नव्हतं. मी तरीही सरले नाही, हातात कांदा धरून तशीच राहिले. ते मला वळसा घालून गेले. करंडा, पाट, चाळणी लांब सरकवली. काकूंना कुशीवर वळवलं, जेवणाच्या डब्याची पिशवी घडी करून डोक्याखाली सरकवली आणि बाजूला मांडी घालून बसले. "कांदा ठेवा," म्हणाले. "काही लागत नाही. थांबायचं असतं फक्त."

झटके थांबले. काकांनी सदऱ्याच्या बाहीनं त्यांचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाहेर बोलू नका," आणि कळशी घेऊन पाण्याला गेले.

बऱ्याच वेळानं काकू उठून बसल्या. लाजल्यासारख्या झाल्या होत्या. त्यांनीच मग सांगितलं, तुकड्या तुकड्यानं.

"लहानपणापासूनच आहे गं. लग्नात लपवलं आमच्या लोकांनी. त्यांना कळलं ते चुलीपुढेच. मी पडले, पदर चुलीत गेला. हे अंगणात होते म्हणून. पदरच जळला नुसता, मला काही झालं नाही. मला वाटलं, आता माहेरी पाठवतील. दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेले आणि पिना घेऊन आले."

"मग?"

"आधी मलाच एकटीला म्हणायचे, पदर खोच, मागे हो. तर सासूबाईंनी विचारलं, हिलाच का रे सांगतोस, हिला काय झालंय? तेव्हापासून सगळ्यांनाच सांगतात." त्या हसल्या. "ते सगळ्यांना ओरडतात ना, म्हणून मला कुणी काही विचारत नाही."

मी घरी आले आणि दार लावून रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. मिरगीचं नाव काढलं की बाईकडे बघायची नजर बदलते, तिच्या हातचं खाताना माणसं कचरतात, नवऱ्याला दुसरी कर म्हणून सल्ले देतात, म्हणून एका माणसानं स्वतःला चक्रम म्हणवून घ्यायचं! बायको एकटी वेगळी दिसू नये म्हणून सगळ्या जगाच्या पदरामागे धावायचं! आणि आम्ही खुणा करून हसायचं. मला काकांचाही राग आला. मला सांगायला काय झालं होतं? मी काय दवंडी पिटली असती?

अर्थात, मी बोलले नाही कुणाशी. मावशींशीही नाही, आणि ते सगळ्यात अवघड होतं, कारण एका वाक्यात भांडण मिटलं असतं. दर संक्रांतीला मी एकटीच काकूंकडे हळदीकुंकू घेऊन जात राहिले. काकांनी माझ्यावर ओरडणं सोडलं नाही, मीही उलट उत्तर देणं सोडलं नाही. उलट जरा जास्तच भांडायला लागले. गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं. पिन मात्र पदराला कायमची आली.

नव्वद साल उलटलं. घरोघरी गॅस आला, ओटे उंच झाले. दळवीकाका निवृत्त झाले आणि मग दिवसभर घरीच राहायला लागले. काकूंना दुपारचं गरम जेवण मिळू लागलं. चहासुद्धा. मला वाटलं, आता या दोघांचे बरे दिवस आले.

आणि एका पावसाळ्यात सुमनकाकू गेल्या. आगीनं नव्हे, फीटनंही नव्हे. साध्या तापानं. ताप डोक्यात गेला, म्हणाले डॉक्टर. इतकी वर्षं माणूस दाराशी पहारा देत बसला आणि मरण खिडकीतून आलं. देवावर रागवायचं नसतं म्हणतात. मी रागावले.

घर माणसांनी भरलं. काकूंची धाकटी बहीण बदलापूरहून आली, येताना तिथल्या बाजारातून हिरवी साडी घेऊन आली. सवाष्ण गेलेली, हिरवी साडी नेसवायची, मळवट भरायचा. तिनं साडीची घडी मोडली. जरीकाठाची, चमकदार, सुळसुळीत साडी होती. मी काकूंच्या डोक्याशी बसले होते. सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले काका उठले. त्यांनी साडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं.

"हे काय आहे?"

"साडी आहे भाऊजी. ताईला..."

"नायलॉन आहे हे."

"घाईत जी मिळाली ती..."

"नायलॉन आहे!" काका ओरडले. खाली अंगणात तिरडी बांधणारी माणसं थांबली असतील, असे ओरडले. "नेसवायची नाही ती हिला! हिला सुती लागतं! माहीत नाही तुम्हाला?"

बहीण रडायला लागली. "भाऊजी, आता काय फरक पडतो हो?"

"आता फरक पडत नाही? आता?" त्यांचा आवाज फाटला. "आजच तर..."

  खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, दुःखानं डोकं फिरलं म्हाताऱ्याचं, अशा. मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं की अगं बायांनो, पस्तीस-चाळीस वर्षं या माणसानं हिला आगीच्या जवळ जाऊ दिलं नाही, आणि आज त्यानं स्वतःच्या हातानं हिला अग्नी द्यायचाय. पण बोलू नका असं त्यांनी एकदा सांगितलेलं होतं.

दारातली गर्दी बाजूला झाली. म्हात्रेमावशी आत आल्या. गॅसच्या पूजेनंतर त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. हातात हिरवंगार नऊवारी लुगडं, पेटीतल्या घडीला जुन्या कापराचा वास येणारं. मावशींचे यजमान अजून होते. ते लुगडं मावशींनी कशासाठी जपून ठेवलं असेल हे आम्हा बायकांना कुणी सांगायला नको होतं.

"घे," त्या म्हणाल्या. "सुती हाय. चोलून बघ."

काकांनी खरंच चोळून पाहिलं. दोन बोटांत धरून, उजेडाकडे नेऊन. मग मान हलवली. मावशींनी आणि मी मिळून काकूंना ते नेसवलं.

न्यायची वेळ झाली. काका उघडे, कमरेला पंचा, खांद्यावर उपरणं. पिनांची माळ अंगावर नसलेले काका मी प्रथमच पाहिले. पुढे चालणाऱ्याच्या हातात द्यायचं मडकं तयार होतं, आत पेटलेल्या गोवऱ्या. कुणीतरी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि दारातून गॅलरीत आले. गॅलरी बायकांनी भरलेली. वारा होता. काका त्या मडक्यातल्या आगीकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावरून सुटलेलं उपरण्याचं टोक मडक्याच्या तोंडावर हेलकावत होतं.

ते त्यांना दिसत नव्हतं. ज्या माणसाला चाळीतल्या टोकाच्या घरातला पदर दिसायचा, त्याला दिसत नव्हतं.

मी माझ्या पदराची पिन काढली. पुढे गेले, उपरण्याची दोन्ही टोकं मागे घेतली आणि पाठीशी ती पिन लावून टाकली.

काकांनी मडक्यावरून नजर उचलली. माझ्याकडे नाही, माझ्या सुटलेल्या पदराकडे पाहिलं.

"पदर," ते म्हणाले. आवाज ऐकूही येत नव्हता. "एक पाऊल मागे."

मी पदर गुंडाळून कमरेला खोचला आणि एक पाऊल मागे सरले. माझ्या मागे म्हात्रेमावशी सरल्या, त्यांच्या मागे सगळ्याजणी. मग काका जिना उतरायला लागले.